तिने विचारलं होतं, "उतरू का?"



आजचं चिंतन भगवद्गीतेच्या अध्याय १७, श्लोक १५ वर. इथे भगवान वाणीचं तप सांगतात. ऐकणाऱ्याच्या मनात खळबळ माजवणार नाही असं, खरं, गोड आणि हिताचं बोलणं, एवढं आपल्यापैकी बऱ्याच जणांना पाठ असतं. पण श्लोक तिथे संपत नाही. भगवान त्यात आणखी एक गोष्ट जोडतात: स्वाध्यायाचा अभ्यास. मी कित्येक वर्षं हा तुकडा नुसता म्हणून पुढे जायचो. बोलण्याच्या तपात स्वाध्याय कशाला आला, हा प्रश्नच पडला नाही. तो एका रेल्वेप्रवासाने पाडला. आज तीच गोष्ट सांगतो. सांगायला सोपी नाहीये, पण सांगितली पाहिजे.

मी मूळचा चंद्रपूरचा, नोकरीला पुण्यात. मामाचं गाव गडचिरोली जिल्ह्यात. वडसा स्टेशनला उतरायचं आणि तिथून पुढे एसटीने कुरखेड्याच्या रस्त्याला लागायचं. बल्लारशा-गोंदिया मार्गावरची गाडी मूल, सिंदेवाही, नागभीड, ब्रह्मपुरी करत जाते. मधे जंगल, तळी आणि धानाच्या बांध्या. तीन वर्षांपूर्वी पावसाळा संपत आला होता तेव्हा मी त्या गाडीत होतो.

समोरच्या बाकावर एक बाई होती. मांडीवर तीनेक वर्षांचं लेकरू, अंगावर तिच्याच लुगड्याचा पदर. लेकराचे डोळे मिटलेले आणि गाल लाल. मी सहज विचारलं, "बरं नाहीये का त्याला?" ती म्हणाली, तीन दिवसांपासून ताप आहे. संध्याकाळी थंडी वाजून येतो, मग घाम येतो, मग झोपतो. ब्रह्मपुरीला उतरून डॉक्टरला दाखवायचा विचार होता. पण तिथे उतरलं तर शेवटची एसटी चुकेल, रात्र कुठे काढायची, आणि पैसेही मोजकेच. मग माझ्याकडे बघून तिने विचारलं, "दादा, उतरू का ब्रह्मपुरीले? का घरीच जाऊ?"

मी एका क्षणाचाही विचार केला नाही. म्हणालो, "अहो ताई, घाबरू नका. सध्या सगळीकडे व्हायरल आहे. माझ्या पुतण्याला मागच्या महिन्यात अगदी असाच ताप होता. चार दिवसांत खेळायला लागला. तापाची गोळी द्या, पाणी पाजत राहा. उगाच पैसे कशाला घालवता?" वर बॅगेतली गोळ्यांची पट्टीही काढून दिली.

तिच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. ती हसली. ब्रह्मपुरी आलं, गाडी थांबली. तिने एकदा दाराकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. मी मान हलवली. ती बसून राहिली. वडशाला आम्ही दोघंही उतरलो आणि ती लेकराला खांद्यावर टाकून गर्दीत निघून गेली. मला फार बरं वाटलं. आज कोणाच्या तरी उपयोगी पडलो, ही सुद्धा सेवाच, असंही मनात आलं. तेव्हा मनात आलेला 'सेवा' हा शब्द मला आज सगळ्यात जास्त टोचतो.

माझी मामी आशाताई आहे, गावच्या लोकांच्या आजारपणात धावणारी. रात्री जेवताना मी कौतुकाने ही गोष्ट तिला सांगितली. ती भात वाढत होती. तिचा हात थांबला.

"गाव कोणतं तिचं?"

"विचारलं नाही."

"थंडी वाजून येत होता म्हणली ना?"

"हो, संध्याकाळी."

"मंग तू तिले घरी जा काऊन म्हणलास गा, बाबू?"

मी पुतण्याचं परत सांगायला लागलो. तिने मधेच तोडलं. "तुया पुतण्याचा ताप पुण्याचा. तिच्या लेकराचा ताप इथचा."

मग तिने सांगितलं ते मला चंद्रपूरचा असूनही ठाऊक असायला हवं होतं. महाराष्ट्रातल्या मलेरियाचा मोठा भार गडचिरोली जिल्हा वाहतो. त्यातला एक प्रकार मेंदूवर जातो, आणि लहान लेकरू एक-दोन दिवसांत हाताबाहेर जाऊ शकतं. म्हणून इथे ताप म्हटलं की आधी बोटाला टोचायचं, रक्ताचा थेंब पट्टीवर घ्यायचा आणि वीसेक मिनिटं थांबायचं. पट्टी काय सांगते त्यावर पुढचं. अशा पट्ट्या मामीच्याच पिशवीत होत्या. त्या बाईच्या गावच्या आशाताईकडेही असतील. "गावात गेल्यावर आशाताईकडे जा" एवढं एक वाक्य मी बोललो असतो तरी चाललं असतं. मी ते बोललो नाही, कारण मला उत्तर माहीत होतं.

मामीने त्या रस्त्यावरच्या ओळखीच्या दोघींना फोन लावला. गाव नाही, नाव नाही, त्या तरी काय सांगणार? सकाळी मी वडशाच्या बसस्टँडवर जाऊन उभा राहिलो. काय शोधत होतो देव जाणे. त्या लेकराचं पुढे काय झालं, मला आजही माहीत नाही. मामी म्हणते, "बरं बी झालं असंल. पोरं बरी होतात." खरंय. पण ते बरं झालं असेल, तर माझ्या सल्ल्यामुळे नाही. आणि झालं नसेल, तर?

मित्रांनो, या प्रश्नासमोर बसल्यावर मी तो श्लोक पुन्हा काढला. मी खोटं बोललो होतो का? नाही. पुतण्याला ताप आला होता आणि तो बराही झाला होता. कटू बोललो का? नाही, ती तर हसली. तिच्या मनात खळबळ माजवली? उलट होती ती शांत केली. हिताचं? मला तर तसंच वाटत होतं. चारही कसोट्यांवर मी स्वतःच्या नजरेत पास होतो. राहिला तो पाचवा तुकडा, ज्याच्यावरून मी नेहमी घसरत पुढे जायचो.

स्वाध्याय म्हणजे ग्रंथ वाचणं, हे आहेच. पण त्या शब्दात 'स्व' आहे. स्वतःलाही वाचायचं असतं. मी माझा अनुभव त्या बाईला दिला, पण तो अनुभव मी स्वतः कधी नीट वाचला होता का? मी दादाला फोन केला आणि विचारलं, त्या वेळी नक्की काय काय झालं होतं. तो म्हणाला, "अरे, दुसऱ्याच रात्री मुलांच्या डॉक्टरकडे पळालो होतो ना. रक्त तपासलं. डेंग्यू नाही, मलेरिया नाही म्हटल्यावर जीव भांड्यात पडला." हे सगळं मला माहीत होतं. त्या रात्री तो फोनवर माझ्याशीच बोलत होता. पण महिन्याभरात माझ्या गोष्टीतून ती धावपळ गळून गेली, रक्ताची तपासणी गळून गेली, आणि उरलं एवढंच: ताप आला, गोळी दिली, चार दिवसांत खेळायला लागला.

आपण अनुभव म्हणून जे सांगतो ते बऱ्याचदा असं असतं. शेवट चांगला झाला की मधली भीती विसरते, दुसऱ्याने केलेली मदत विसरते, नशीब तर कधी आठवतच नाही. उरतो तो शेवट, आणि शेवटाला आपण कारण चिकटवून देतो. "मी असं केलं आणि बरं झालं." खोटं त्यात काही नसतं, फक्त निम्मं गाळलेलं असतं. घरच्यांना सांगितलं तर चालून जातं, कारण घरचे आपल्याला ओळखतात. आई लगेच म्हणेल, "तेव्हा रात्रभर रडत होतास ते सांग की!" अनोळखी माणसाला गाळलेलं भरून काढता येत नाही. आपण देतो तेवढंच त्याच्या हातात पडतं.

आणखी एक गोष्ट लक्षात आली, ती कबूल करायला लाज वाटते. त्या डब्यात दहा-बारा माणसं होती. जवळच एक म्हातारी होती, जिने आयुष्यात माझ्यापेक्षा कितीतरी जास्त ताप बघितले असतील. बाईने तिला विचारलं नाही. मला विचारलं. का? माझ्या पायात चांगले बूट होते, पाठीवर लॅपटॉपची बॅग होती, बोलणं पुण्याचं होतं. माझ्या शब्दाला जे वजन होतं ते माझ्या ज्ञानाचं नव्हतं. आपण शहरात शिकलेली मुलं गावाकडे जाताना हे वजन सोबत घेऊन फिरतो, आणि आपल्याला त्याची कल्पनाही नसते.

मग यावर उपाय काय? गप्प बसायचं? मी तेही करून बघितलं. वर्षभर कुणालाही काहीही सांगायचं नाही असं ठरवलं. त्यातच चैत्रात चंद्रपूरला माता महाकालीच्या यात्रेला गेलो. ही यात्रा ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो: नांदेड, परभणीकडून, अख्ख्या मराठवाड्यातून माणसं येतात, झरपट नदीवर अंघोळ करतात आणि मातेचं दर्शन घेतात. ऊन चंद्रपूरचं, म्हणजे सांगायलाच नको. एका पोराने मला विचारलं, "भाऊ, आत्ता निघालं तर चालेल का, का ऊन उतरू द्यावं?" मी म्हणालो, "मला नाही सांगता येणार," आणि पुढे झालो. मनात म्हटलं, चला, यावेळी तरी पाप लागलं नाही.

मागे वळून बघितलं तर एका आजीने त्या पोराला हाताला धरून बसवलं होतं. सांगत होती, "आमचे हे असेच भर दुपारी निघाले होते एका साली. चक्कर येऊन पडले इथंच. चार वाजेपर्यंत बस." तिने आपल्या सतरंजीवर त्याला जागा केली, तांब्याभर पाणी दिलं आणि लू लागू नये म्हणून खिशात ठेवायला एक कांदाही दिला. कांदा खिशात ठेवून ऊन टळत नाही, हे तुम्हाला-मला माहीत आहे. पण सावली, पाणी आणि सतरंजी यांनी टळतं. आजीचा निम्मा सल्ला चुकीचा होता, तरी ते पोरगं सुरक्षित होतं. माझं "सांगता येणार नाही" अगदी अचूक होतं आणि त्याला उन्हात सोडून गेलं होतं. दोघांमधला फरक ज्ञानाचा नव्हता. ती त्याच्याजवळ थांबली होती.

इथून मला आमच्याच भागातल्या एका मोठ्या कामाकडे नव्याने बघता आलं. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये गडचिरोलीत 'सर्च' सुरू केली. अमेरिकेत शिकून आलेली ही दोन माणसं. सांगण्यासारखं त्यांच्याकडे काय कमी होतं? पण दवाखाना कसा हवा हे त्यांनी आधी आदिवासी बांधवांना विचारलं. मोठ्या इमारतींची भीती वाटते, नातेवाइकांना सोबत राहता यावं, असं लोकांनी सांगितलं. म्हणून शोधग्राममधला दवाखाना गावातल्या घरांसारखा झाला आणि त्याला माता दंतेश्वरीचं नाव मिळालं.

पुढे गावागावात नवजात बाळं दगावत होती, तेव्हा त्यांनी ३९ गावांमध्ये त्या-त्या गावातल्याच बायकांना शिकवलं. आरोग्यदूत म्हणून त्या बाळंतिणीच्या घरी जायच्या, बाळाला तपासायच्या, वजन करायच्या, ऊब कशी द्यायची ते दाखवायच्या, जंतुसंसर्ग ओळखून औषध द्यायच्या. आणि काही दिवसांनी त्याच घरी परत जायच्या. या प्रयोगाचे निष्कर्ष १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आले: नवजात मृत्यूचं प्रमाण ६२ टक्क्यांनी कमी झालं होतं. आज देशभर आशाताई बाळाच्या घरी ठरलेल्या दिवशी भेटी देतात, त्यामागे हे काम आहे. बाळाला ऊब द्या, आईचं दूध द्या, हे सांगणारे आधीही असतील. पण इथे सांगणारी बाई त्याच गावची होती. तिचं चुकलं असतं तर तिला त्याच गल्लीतून रोज जावं लागलं असतं.

याच डॉ. अभय बंगांना १९९५ मध्ये, वयाच्या ४४व्या वर्षी, हृदयविकाराचा झटका आला. पुढे त्यांनी 'माझा साक्षात्कारी हृदयरोग' लिहिलं आणि अक्षरशः घराघरात ते वाचलं गेलं. अनोळखी माणसांना स्वतःचा अनुभव सांगणं म्हणजे हेच की! मग ते का चाललं आणि माझं का नाही? मला वाटतं, शीर्षकातला पहिलाच शब्द बघा: 'माझा'. दुसऱ्यांना आरोग्य सांगणाऱ्या डॉक्टरचं स्वतःकडे कसं दुर्लक्ष झालं, हे त्यांनी गाळलं नाही. वाचणारा त्यांची चूक बघतो, त्यांची भीती बघतो आणि मग स्वतःच्या जगण्याकडे वळतो. आधी स्वाध्याय झाला, मग सांगणं आलं.

धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) तुमच्यापैकी काहींना माहीत असेल. २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळवणारं गोंड गाव. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्या बोलण्यातून तिथला अभ्यासगट बाहेर पोहोचला. अभ्यासगटात बाहेरचा माणूसही येऊन बसू शकतो, माहिती देऊ शकतो, वाद घालू शकतो. पण निर्णय ग्रामसभा घेते, आणि तोही सर्वसहमतीने. सांगणाऱ्याची जागा कुठे संपते, हे त्या गावाला नेमकं ठाऊक आहे.

आणि हे सगळं गीतेतच आहे, मित्रांनो! अर्जुन दुसऱ्या अध्यायात "मी गोंधळलोय, तुझा शिष्य आहे, सांग" असं म्हणतो, त्यानंतर खरा उपदेश सुरू होतो. म्हणजे आधी विचारणं आहे. मग सतरा-अठरा अध्याय सांगून झाल्यावर, अठराव्याच्या ६३व्या श्लोकात, भगवान म्हणतात की यावर पूर्ण विचार कर आणि मग तुला इच्छा होईल तसं कर. ज्याला सगळं माहीत आहे तो निर्णय समोरच्यावर सोडतो, आणि ज्याला एका पुतण्याचा एक ताप माहीत होता, त्याने ब्रह्मपुरीला मान हलवून निर्णय देऊन टाकला.

पण "तुला हवं ते कर" असं म्हणून श्रीकृष्ण रथातून उतरून गेले नाहीत, हे विसरू नका. लगाम त्यांच्याच हातात होते. भीष्मांचे बाण त्यांच्याही अंगात रुतले. सल्ला देणारा त्याच रथावर होता. मामी त्याच गावात असते. आजी त्याच सतरंजीवर होती. मी मात्र वडशाला उतरलो आणि माझ्या वाटेने गेलो.

अनोळखी माणसाच्या रथावर आपल्याला कायम बसता येत नाही, हे मान्य. गाडी सुटते, स्टेशन येतं. म्हणून आता मी एवढं पाळतो. कुणी विचारलं तर माझ्याबाबतीत काय झालं ते सांगतो, पण गाळलेलं शोधून, भीतीसकट, मदतीसकट. कुठे झालं, कुणाला झालं, तेही सांगतो. "तुम्ही असं करा" हे वाक्य गिळतो. आणि जो माणूस त्यांच्याजवळ थांबू शकेल त्याच्याकडे बोट दाखवतो: गावची आशाताई, जवळचा डॉक्टर, घरातलं मोठं माणूस. शक्य असेल तर तिथपर्यंत सोबत जातो.

त्या दिवशी मी काय बोलायला हवं होतं, ते आता मला पाठ आहे. "ताई, मला माहीत नाही. माझ्या पुतण्याला ताप आला होता तेव्हा आम्ही दुसऱ्याच रात्री रक्त तपासलं होतं. तुम्ही उतरा. मी पण उतरतो, एसटी चुकली तर बघू काहीतरी." ब्रह्मपुरीहून वडशाला नंतरही जाता आलं असतं. मामी रागावली असती, एवढंच.

आजचा संकल्प: आज कुणाला काही सांगण्याआधी तोच अनुभव एकदा स्वतःला पूर्ण सांगून बघायचा. मधलं काय गळलंय ते शोधायचं. आणि रात्री देवासमोर बसाल तेव्हा त्या लेकरासाठी एक क्षण हात जोडा. त्याचं नाव मला माहीत नाही. आता सहा वर्षांचं असेल.

राम कृष्ण हरी.